न संपणारी धून

चुन्याच्या डबीवर बसलेली माशी.

बांबूला बांधलेला अँटेना, त्याच्यावर कावळा.

"व्यत्ययाबद्दल क्षमस्व."

टाय लावून बोंडअळीवर अर्धा तास बोलणारे साहेब.

घंगाळभर बुंदी.

टुं टुं टुंडूं टुंऽऽ.

एवढं सगळं उत्तमरावांच्या डोक्यात एकदम घुसलं होतं, कारण त्यांची कोकिळा मंडपात नटून उभी होती, गोरज मुहूर्त तोंडावर आला होता, आणि तिचे होणारे सासरे पंजाबराव मंडपाच्या दाराशी रुसून बसले होते.

आता रुसणं हा व्याह्याचा हक्कच. डोणगावात त्याचं कुणाला नवल नाही. कुणी घड्याळावर रुसतो, कुणी सुटाच्या कापडावर. मागच्या साली एक गृहस्थ भज्यांत ओवा नाही म्हणून रुसले होते. उत्तमरावांनी खिशात अंगठी तयार ठेवली होती. रोहिणखेडच्या या पाहुण्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मले काई नको, इवाई. बँडवाल्याले म्हना, हवामानाचा वाजा वाजव."

"कोनता वाजा?"

"टीव्हीवरचा. जुना. बातम्या सरल्या का लागे तो."

फुकटात मानणारा व्याही! उत्तमराव मनातल्या मनात नाचले.

"नवा चालन का?" त्यांनी उगाच विचारलं.

"नवा?" पंजाबराव उसळले. "नवा असा वाजते, जसे डब्यात खिळे हालवले. सगळं रंगीत केलं अन् सगळं नासवलं. पैले बाई उभी राहे, तिच्या हातात छडी राहे. आता नुसते ढगच पळून राह्यले! अन् बोंडअळीवाले साहेब कुठी गेले? त्याईच्यानं एक अळी मेली नाई, पन मानूस सभ्य होता."

खामगावच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला कडूबा पुढे आला. धून त्याला पाठ होती. ती कुणाला पाठ नव्हती? त्याने गाल फुगवले, टुं टुं टुंडूं सुरू झालं, आणि वऱ्हाडातली अर्धी माणसं माना डोलावू लागली. पंजाबराव उठले. नवरदेवाच्या घोड्यानेही पाऊल उचललं.

पण पंजाबराव उंबऱ्याशीच थांबले.

"पुरी होऊ दे. अर्ध्या वाज्यात मी आत येत नाई."

कडूबा वाजवत होता. शेवटच्या टुंऽऽपाशी आला, घुटमळला आणि परत पहिल्यापासून सुरू झाला. परत तिथेच आला. परत पहिल्यापासून. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या.

"काऊन बे, संपव ना!" उत्तमराव त्याच्या कानाशी ओरडले.

कडूबाने क्लॅरिनेट तोंडाच्या कोपऱ्यात सरकवली. "मालक, याच्या पुढचं मले येत नाई."

ट्रम्पेटवाल्याने एका सिनेमातल्या गाण्याचं शेपूट आणून जोडलं. पंजाबराव कळवळले. "हे नाई! हे नाई!"

"मंग कसं आहे ते, तुमी तरी सांगा!"

पंजाबराव गुणगुणू लागले आणि शेवटच्या टुंऽऽपाशी येऊन परत पहिल्यापासून सुरू झाले. त्यांनाही येत नव्हतं. वऱ्हाडात कुणालाच येत नव्हतं. आणि तिकडे भटजी सूर्याकडे असे बघत होते, की जणू तो त्यांची दक्षिणा घेऊन पळत होता.

तेव्हा उत्तमरावांच्या डोक्यात उजेड पडला. ती धून कधी संपतच नव्हती! संपायच्या आतच बाई बोलायला लागायची.

त्यांनी भटजींच्या हातातला माईक ओढला.

"उद्या पानी येईन," ते म्हणाले. "नाई तर नाई येनार."

"ती बाई असं नोती बोलत," पंजाबराव म्हणाले.

कडूबा निळा पडत चालला होता. घोडा खाली बसायच्या बेतात होता. उत्तमरावांना रडू येऊ लागलं, खरंच. पोरीचं लग्न मोडावं तर निदान हुंड्यावरून मोडावं, लोकांना सांगता तरी येतं.

इतक्यात कुणीतरी त्यांच्या हातातून माईक काढून घेतला. हिरव्या चुड्याचा हात होता. मुंडावळ्या बाजूला सारून कोकिळा सरळ उभी राहिली. जमलेल्या बायकांनी तोंडावर पदर घेतले: नवरी, अन् भोंग्यावर!

"नमस्कार," कोकिळा म्हणाली, अगदी टीव्हीतल्या मराठीत. कडूबाची धून तिथल्या तिथे थांबली. "येत्या चोवीस तासांत कोकणात बऱ्याच ठिकाणी, मराठवाड्यात काही ठिकाणी, तर विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता आहे. बुलडाणा जिल्ह्यात आकाश निरभ्र राहील. नमस्कार."

कडूबा ढोलावर टेकून श्वास घेत होता.

"बुलडाण्याचं नाव घेतलं," पंजाबराव हळूच म्हणाले. "त्या बाईनं कधीच नोतं घेतलं." टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं, आणि ती परत घालून उजवा पाय मंडपात टाकला.

अक्षता पडेपर्यंत मुहूर्त टळून गेला होता. भटजींनी तो टळला नाही असं ठरवलं.

पंजाबरावांच्या पत्नी सत्यभामाबाई चार वर्षांपूर्वी वारल्या; बोंडअळी आणि बातम्या चालू असताना त्या खाटेवर झोपत, आणि हवामानाची धून लागली की उठून पंजाबरावांचं ताट वाढत.