पोटभर श्वास

मालकांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि सगळ्यांना पोटभर श्वास घ्यायला सांगितलं. ताईंनी घेतला, आणि त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की शेवटी मालकांना डोळे उघडावे लागले.

"सावकाश," मालक म्हणाले. "श्वासाशी भांडायचं नाही. त्याला येऊ द्यायचं."

ताईंनी मान हलवली. शेजारी उभा असलेला कानशा त्यांच्याकडे न बघता मालकांच्या बुटांकडे बघत राहिला. त्याचं खरं नाव काहीतरी वेगळं होतं. मात्र दिवसभर कवळ्या घासणारा हात आणि त्याहून खरखरीत जीभ यांच्यामुळे लॅबमध्ये त्याला हे नाव पडलं होतं, आणि आता घरचेही त्याला त्याच नावाने हाक मारायचे.

कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमधली प्रत्येक सकाळ अशीच सुरू व्हायची. मेणकामाच्या टेबलाभोवती सगळ्यांनी गोल उभं राहायचं. मालक मागे एका शिबिराला गेले होते, ते पाठीच्या दुखण्यासाठी. परत आले ते कृतज्ञ होऊन. पाठ अजून दुखत होतीच. आता ते तिचेही आभार मानायचे.

आधी श्वास, मग प्रत्येकाने एका गोष्टीचे आभार, मग सगळ्यांचं मिळून हसू, असा क्रम होता. आणि वर्तुळात 'पण' हा शब्द उच्चारायचा नाही. "पण म्हटलं की कृतज्ञतेच्या बादलीला भोक पडलंच," असं मालक समजावून सांगत. मेणकाम करणारी मुलगी एकदा "नवीन खुर्ची आली, पण," एवढंच म्हणाली होती. मालकांनी तिला अत्यंत प्रेमाने पुन्हा श्वासापासून सुरुवात करायला लावलं. खुर्चीचं काय झालं होतं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

"हातपाय चालतायत," ताई म्हणाल्या. "त्यांचे आभार."

ताई रोज हेच म्हणत. मालकांना ते आवडायचं. मग त्यांनी कानशाकडे पाहिलं.

"आमच्या खोलीच्या खिडकीला मारलेले खिळे चांगले आहेत," कानशा म्हणाला. "एकही गंजलेला नाही. त्यांचे आभार."

"बघा," मालक सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणतात नजर. खिळ्यातसुद्धा."

आणि ते हसले. मालकांचे दात फार सुंदर होते.

घासण्याची खोली मागच्या बाजूला होती. दोन माणसं, दोन मोटारी, एक नळ. कानशा कवळीचा जादा भाग घासून काढायचा आणि ताई तिला चमक आणायच्या. घासताना हिरड्यांच्या रंगाची बारीक धूळ उडे आणि संध्याकाळपर्यंत दोघांच्या पापण्या गुलाबी होत. ही धूळ ओढून घ्यायला भिंतीत एक पंखा बसवलेला होता. तो गेल्या उन्हाळ्यात बंद पडला. मग त्यांनी खिडकी उघडली. खिडकीच्या बरोब्बर खाली मालकांची गाडी उभी असे. गाडी गुलाबी दिसू लागल्यावर मालकांनी तातडीने माणूस बोलावला. पंख्यासाठी नव्हे. त्या माणसाने खिडकीला खिळे मारले.

"तू माझ्यासाठी भांडू नकोस हं," नाकावर ओलं फडकं बांधत ताई म्हणाल्या.

"तुमच्यासाठी कुठे? मलाही फुफ्फुसं आहेत."

"तुझी तरुण आहेत."

"म्हणजे काय, तरुण माणसाने धूळ चघळावी?"

"अरे, सरळ बोल ना एकदा. नेहमी काय वाकडं."

"सरळ बोललो होतो. पंखा बंद आहे म्हटलं. तर म्हणतात, काय नाही ते बघू नकोस, काय आहे ते बघ. म्हटलं साहेब, आहे ती धूळ. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुझ्यात खूप राग आहे."

"आहेच."

"आहेच, पण तो धुळीतून आलाय. धूळ रागातून नाही आली."

ताई हसल्या आणि हसण्याचा पुन्हा खोकला झाला. पूर्वी त्या काम करताना गुणगुणायच्या. मोटारीच्या आवाजात चाल कळायची नाही, तरी ओठ हलताना दिसायचे. आता गुणगुणलं की ढास लागते म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी त्यांना स्वच्छ सांगितलं होतं, धूळ थांबवा, नाहीतर काम थांबवा. काम थांबवणं त्यांना परवडणारं नव्हतं. घर त्यांच्या एकटीच्या हातांवर चालत होतं. आणि धूळ थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. मालकांच्या मते खोकला मनातून येत होता.

लॅब वरच्या मजल्यावर होती. जिन्याच्या वळणावर मालकांनी उगवत्या सूर्याचं पोस्टर लावलं होतं, 'आजचा दिवस ही भेट आहे.' जाणारे-येणारे त्याच्याकडे ढुंकूनही बघत नसत. ताई मात्र रोज त्याच्यासमोर थांबत, कठडा धरून, ओठ किंचित उघडे ठेवून. कुणी आलंच तर त्या वाचत असल्यासारखं दाखवत. त्या पोस्टरचा इतका अभ्यास ज्याने ते छापलं त्यानेही केला नसेल.

त्या दुपारी मालक घासण्याच्या खोलीत आले आणि त्यांनी आतून कडी लावली.

कडी लागली म्हणजे काय ते दोघांना ठाऊक होतं. मालकांचे ते सुंदर दात लॅबमध्येच तयार झाले होते. 'एका जुन्या ओळखीच्या गृहस्थांचं काम' म्हणून ते टेबलाटेबलावरून फिरलं, आणि ते गृहस्थ कोण, हे फक्त या खोलीला कळलं, कारण कवळी शेवटी तोंडात बसवून बघावी लागते. दंतवैद्याकडे जायची मालकांना लाज वाटे. शहरातले सगळे दंतवैद्य त्यांचेच गिऱ्हाईक होते.

"खालची दुखतेय," मालक कुजबुजले. "संध्याकाळी भाषण आहे. दंतवैद्यांच्या मेळाव्यात. कृतज्ञ जगण्याच्या रोजच्या सवयी. 'कृतज्ञ' म्हटलं की ती उचलली जाते."

"दोन्ही काढा," कानशा म्हणाला. "चावा जुळवून बघावा लागेल."

मालकांनी पाठ फिरवली, दोन्ही कवळ्या काढून रुमालातून दिल्या आणि ते स्टुलावर बसले. गाल आत गेले, हनुवटी वर आली. ते नुसते म्हातारे झाल्यासारखे नव्हे, एकदम कुणी दुसरेच गृहस्थ झाल्यासारखे दिसू लागले. दातांशिवाय ते एक अक्षर बोलत नसत. तो आवाज त्यांनी स्वतःलाही कधी ऐकवला नसावा. त्यांनी फक्त हाताने खूण केली: चालू दे.

कानशाने मोटार सुरू केली. धूळ उडाली आणि दिव्याच्या उजेडात तरंगत राहिली. तिला जायला जागाच नव्हती.

त्याला अचानक जाणवलं की मालक बसलेले आहेत, कडी लावलेली आहे आणि मालकांचे दात आपल्या हातात आहेत. नोकरीतल्या इतक्या वर्षांत हा योग त्याने कधी ओळखला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "सकाळी माझं थोडं राहून गेलं. उरलेले आभार आता मानतो."

मालकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. माणूस मार्गाला लागला, असं त्यांना वाटलं असावं.

"हा पंखा. बंद आहे म्हणून आवाज करत नाही. त्याचे आभार."

"कानशा," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तुमची गाडी. तिला धूळ सोसत नाही, हे कुणीतरी वेळेवर ओळखलं. तिचे आभार. ताईंचेही मानायला हवेत. गाडीच्या वाटची धूळ इतके दिवस त्या घेतायत, आणि एकदाही त्यांनी हॉर्न वाजवला नाही."

मालकांपर्यंत मोटारीच्या आवाजातून किती पोहोचलं कुणास ठाऊक. 'आभार' एवढं नक्की पोहोचलं, कारण तो शब्द ऐकला की त्यांचं शरीर आता आपोआप वागत असे. त्यांनी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला, आणि रोज सगळ्यांना सांगत तसा पोटभर श्वास घेतला.

खोकला आला तेव्हा आधी त्यांनी तो सभ्यपणे मुठीत दाबायचा प्रयत्न केला. मग मूठ पुरेना. ते स्टुलावरून अर्धे उठले, दाराकडे गेले, कडीवर हात ठेवला. दाराबाहेर मेणकामाचं टेबल होतं आणि टेबलाभोवती अख्खी लॅब. त्यांचा हात कडीवर थबकला आणि तोंडावर गेला. ते परत वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

कानशाने मोटार थांबवली नाही. कवळीवर त्याने एकही चुकीचा ओरखडा उठू दिला नाही, राग कामावर काढायची त्याची पद्धत नव्हती. तो फक्त थांबला नाही.

मोटार ताईंनी बंद केली. त्यांनी नाकावरचं फडकं सोडलं, नळाखाली धरलं, पिळलं आणि मालकांच्या हातात दिलं. मग दुसरा हात त्यांच्या पाठीवरून फिरवत राहिल्या.

"ओढू नका. आधी बाहेर सोडा. सगळा सोडा. आतला गेल्याशिवाय दुसरा येत नाही. हां. असा."

मालक फडक्यात तोंड घालून बराच वेळ बसले. उठले तेव्हा कवळ्या तयार होत्या. त्या बसवल्यावर चेहरा पुन्हा पहिल्यासारखा भरला. त्यांनी दोनदा 'कृतज्ञ' म्हणून पाहिलं. उचलली गेली नाही. ताईंच्या हातात फडकं परत देताना ते काहीतरी बोलणार होते असं वाटलं. मग कडी काढून गेले.

"फडकं कशाला दिलंत?" कानशा म्हणाला.

"जीव घाबरा झाला होता रे त्याचा."

"आणि तुमचा काय मजेत असतो?"

"तुझं ते बोलणं त्याला कधी कळणार नव्हतं," ताई फडकं पुन्हा बांधत म्हणाल्या. "हे कळलं असेल. आता येईल बघ पंखा."

ताईंच्या आवाजात इतक्या दिवसांत प्रथमच काहीतरी मागितल्यासारखं होतं, आणि ते, 'हो, येईल' एवढंच, त्यांनी मालकांकडे न मागता कानशाकडे मागितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पोस्टरसमोर उभ्या असताना खालून दोन हमाल एक मोठं खोकं घेऊन आले. त्यांना वाट द्यायला ताई भिंतीला चिकटल्या. मागून येणाऱ्या कानशाला त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी त्याच्याकडे बघून भुवया उंचावल्या, बघ, म्हटलं नव्हतं? आणि उरलेला जिना न थांबता चढून गेल्या.

खोकं लॅबमध्ये शिरलं. मेणकामाच्या टेबलावरून पुढे गेलं. घासण्याच्या खोलीच्या दारापाशी हमाल जरा थांबले, ते हात बदलायला. मग ते डावीकडे वळले आणि मालकांच्या केबिनमध्ये गेले.

वर्तुळ जमलं तेव्हा मालक हळवे झालेले होते.

"काल मला एक अनुभव आला," ते म्हणाले. "तपशील सांगत नाही. श्वास म्हणजे काय, हे मला काल समजलं. आपण किती गृहीत धरतो त्याला. रात्री मेळाव्यातही मी हेच बोललो, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणून आजपासून केबिनमध्ये हवा शुद्ध करणारं यंत्र बसवतोय. आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत, तेव्हा वर्तुळ चालू असेपर्यंत केबिनचं दार उघडं राहील. सगळ्यांना लाभ मिळेल."

केबिनमधून मंद गुरगुर ऐकू येत होती.

"यंत्राचा आवाज फार होत नाही," मेणकाम करणारी मुलगी म्हणाली. "त्याचे आभार."

आज कानशाची पाळी ताईंच्या आधी आली. त्याने तोंड उघडलं. बोलायचं ते सगळं जिभेवर येऊन उभं होतं, धार लावलेलं. तेवढ्यात त्याच्या कोपराला ताईंचा हात लागला. नेहमीचाच, गप्प बस म्हणणारा, असं त्याला वाटलं आणि तो ताईंवरच चिडला.

"थांब," ताई म्हणाल्या. "आधी मी."

त्यांनी छातीवर हात ठेवला नाही. दोन्ही हात टेबलावर टेकले. श्वास घेतला, खोकला आला, आणि आज त्यांनी तो दाबला नाही, की तोंड फिरवलं नाही. पुरा होऊ दिला. सगळे थांबून राहिले. मालकांनी तेवढा वेळ आपलं हसू जागच्या जागी धरून ठेवलं. ते पक्कं बसलेलं होतं.

"हातपाय चालतायत," ताई म्हणाल्या. "त्यांचे आभार."

मालकांनी मान डोलावली आणि पुढच्या माणसाकडे वळू लागले.

"पण," ताई म्हणाल्या.

मेणकाम करणाऱ्या मुलीने मान वर केली. ताईंना घाई नव्हती. पुढचं सगळं एका दमात सांगायचं होतं, म्हणून त्यांनी आधी आतला श्वास पूर्ण बाहेर सोडला.