रंगमास्तरांचं कुंपण

मी कुंपण बोलतोय. जुळे सोलापुरात, आबासाहेबांच्या बागेपुढं उभा असलेला मी. बाग म्हणजे चार जास्वंदी, एक कढीपत्ता आणि नळाला पाणी येईल त्या दिवशी हिरवं दिसणारं गवत. पण मालक बाग म्हणतात म्हटल्यावर आपणही बागच म्हणायचं.

माझा जन्म चिंचोळी एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये झाला. गुरुशांत नावाच्या वेल्डरनं कानडीत गुणगुणत माझा गज न् गज जोडला, खाली पत्रा बसवला. माझं वजन एवढं, की मला उतरवताना टेंपोच पुढून उचलला गेला. खोटं वाटत असेल तर टेंपोला विचारा. चंदेरी रंग फासून मला इथं रोवलं आणि बारा वर्षं मी गुरं, डुकरं आणि पूजेसाठी दुसऱ्याची फुलं तोडणारे भाविक, सगळ्यांना सारखंच अडवलं.

मग चंदेरीचे पोपडे निघाले. पायाशी गंज दिसू लागला. मालकीण वैजयंतीबाई मालकांना म्हणाल्या, "अहो, हिरवा रंग मारून घ्या की त्याला. दोन दिवसांचं तर काम."

साध्या घरात ते दोन दिवसांचंच झालं असतं. पण आमचे आबासाहेब टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं रंगाई खात्याचे मास्तर. सूत रंगून आलं की एक डोळा मिटून बघायचे आणि अख्खा लॉट नापास करायचे. गल्ली त्यांना अजून रंगमास्तर म्हणते. निवृत्तीला त्यांना दोन गोष्टी मिळाल्या, टॉवेलचा सेट आणि हे नाव. टॉवेल कधीच विरले. राहिलं नाव. ते एका कुंपणापायी घालवायचं म्हणजे काय!

पीरसाब पेंटर रंगांच्या छटांचं शेडकार्ड घेऊन आला. माझ्या पायाशी बसला, गंजावर नख मारलं आणि म्हणाला, "साहेब, रंग कंचाबी सांगा. पण आदी रेड ऑक्साईडचं अस्तर मारू द्या. लोखंड खायला लागलंय."

"आधी शेड ठरंल," मालक म्हणाले. "मग बाकीचं."

आणि माझी परीक्षा सुरू झाली. दर तीन-चार दिवसांनी सकाळी दहाच्या उन्हात एक नवा ठिपका. मालक बनियनवर बाहेर येणार, डोळा मिटणार आणि खाली फरशीवर खडूनं 'नापास' लिहिणार. मोरपंखी लई नखरेल. पिस्ता म्हणजे दवाखाना. आकाशी म्हणजे बालवाडी. पाच महिन्यांत माझ्यावर त्रेचाळीस ठिपके पडले. एक लग्नाची वरात मला मांडव समजून दारात थांबली. ठिपका नंबर एकोणतीस बघून शेजारची मांजर जी गेली, ती अक्कलकोटला दिसल्याचं ऐकतो.

"हिरव्यानं काय घोडं मारलंय?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"झाडांत कुंपण दिसणार न्हाय."

"न दिसू द्या! त्याचं काय लग्न ठरवायचंय?"

इकडं गंज माझ्या पोटऱ्यांपर्यंत चढला होता. तेवढ्यात मालक भाच्याच्या लग्नाला केम गावाला गेले, दोन दिवस. वैजयंतीबाईंनी त्याच तासाला पीरसाबला फोन लावला. "ह्यांची शेड ठरेपर्यंत लोखंड राहायचं नाही. तुम्ही अस्तर मारून घ्या." पीरसाबनं मला खरवडलं आणि वरपासून खालपर्यंत रेड ऑक्साईड फासलं. तांबूस, विटकरी, मातकट. म्हणजे आमच्यातलं बनियन हो! शर्ट यायचा बाकी होता.

मालक परतले. रिक्षातून उतरताच मला बघून त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात शेजारचे अनिलकुमार धावत आले. "मास्तर, काय रंग काढलात ओ! नजर म्हणायची ती ही. कुठल्या कार्डात मिळाला?"

मालकांचं तोंड तसंच उघडं राहिलं. मी बघत होतो. खरं आत गेलं आणि त्याच वाटेनं दुसरंच काही बाहेर आलं.

"कार्डात न्हाय मिळत ह्यो," मालक म्हणाले. "पाच महिने घातलेत. पक्का सोलापुरी म्हणतात ह्याला."

दारात वैजयंतीबाई पदर तोंडाशी धरून हसत होत्या. मलाही बोलता आलं असतं. पण इतक्या वर्षांत कुणी मला चांगलं म्हटलं नव्हतं. मीही छाती काढून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी पीरसाब ब्रश घेऊन हजर. "काय ठरलं साहेब? कंचा रंग?"

मालकांनी त्याला दंडाला धरून कढीपत्त्याआड नेलं. "हळू बोल की! हाच फायनल."

"आवो, हे अस्तर हाय. वरनं रंग न्हाय बसला तर वर्षात गंज चढंल."

"गंज कुठल्या रंगाचा असतोय?"

पीरसाबनं माझ्याकडं बघितलं. "ह्याच."

"मग कुणाला कळतंय?"

आठवड्यात समोरच्या झीनतबाई आल्या. "मास्तर, हमारे गेट कू बी येइच होना." मग अनिलकुमारांचं कुंपण झालं, मग कोपऱ्यावरचं. पीरसाब प्रत्येकाला सांगून दमला, की हे अस्तर आहे. सगळे त्याला म्हणाले, "मास्तरांपेक्षा तुला जास्त कळतं काय बे?" आता अख्खी गल्ली बनियनवर उभी आहे आणि एकमेकांच्या सुटाची तारीफ करते आहे.

ह्याला दीड वर्ष झालं. पीरसाब म्हणाला होता तसंच झालं. गंज चढला, पण दिसत कुणाला नाही. उलट लोक म्हणतात, रंग कसा मुरत चाललाय! गेल्या सोमवारी पायपुसणं वाळत घालताना वैजयंतीबाईंचं बोट माझ्या पत्र्याच्या आरपार गेलं.

"अहो, तुमच्या पक्क्या सोलापुरीला भोक पडलंय."

मालक आले. डोळा मिटला. भोकातून पलीकडचा रस्ता स्पष्ट दिसत होता. मी म्हटलं, आता तरी 'नापास' लिहा. त्यांच्या हातात खडूही होता. पण रस्त्यावरून अनिलकुमार पाहुण्यांना घेऊन येत होते. मालकांनी खडू खिशात टाकला आणि पायपुसणं भोकावर नीट पसरलं.

माझे चार खांब आता नुसते नावाला उभे आहेत, मालकांच्या नावाला. हिरवा, पिस्ता, पोपटी, काहीही लावा हो कुणीतरी. तोवर पाहुण्यांनो, तुम्ही अवश्य या. लांबून बघा, वाहवा करा, हवे तेवढे फोटो काढा. फक्त मला टेकू नका.