अर्धा रिमोट

रविवारी दुपारी बारक्या आला तो काखेत एक खोकं मारूनच. बारक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. वय पंचेचाळीस, वजन नव्वदच्या पुढे, आणि डोक्यावरचे केस चहा गार व्हायच्या आत मोजून होतील इतके; पण चौथीत चिकटलेलं नाव अंगावरून उतरायला तयार नव्हतं. धंदा कवळ्या बनवण्याचा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे, आणि हा आपल्या खोलीत दिव्याखाली वाकून मेणात एकेक दात बसवत अख्खी बत्तिशी उभी करायचा. "निम्मं गाव माझ्या हातचं हसतं," असं तो चारचौघांत सांगे, आणि त्यात फार तिखटमीठ नसे.

"भाचीसाठी आणलंय," खोकं टीपॉयवर ठेवत तो म्हणाला.

ताईची लेक कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिने खोक्यावरचं चित्र पाहिलं आणि ओठ मुडपले. "मामा, हे तर तुमच्या काळातलं आहे."

"मग आमच्या काळासाठी आणलंय असं समज. फोड."

आतून निघाला एक गेमपॅड. कंपासपेटीएवढा, करडा, चौकोनी, मुद्दाम जुन्यासारखा केलेला. डावीकडे अधिकाच्या चिन्हासारखं काळं बटण, उजवीकडे दोन गोल लाल बटणं. सोबत टीव्हीच्या मागे खुपसायची बोटाएवढी काडी. तिच्यात म्हणे दोनशे जुने खेळ भरलेले. ताईने पॅड हातात घेतला मात्र, तिचा डावा अंगठा न विचारता त्या अधिकावर जाऊन बसला. उजवा तसाच हवेत राहिला, परक्या घरी कुठे बसायचं ते न कळल्यासारखा.

"वायर कुठाय याची?"

"वायर नसतेच. वायरलेस."

"मग भांडणात ओढायचं काय?"

बारक्या फसकन हसला. लेक दोघांच्या तोंडाकडे बघत राहिली, तेव्हा मग एकमेकांची वाक्यं तोडत दोघांनी तिला ती जुनी हकिगत सांगितली.

बाबांनी कुणाकडून तरी वापरलेला व्हिडिओ गेम आणला होता. त्याच्याबरोबर रिमोट एकच. गेमपॅड हा शब्द तेव्हा घरात पोचलेला नव्हता. हातात मावणारी आणि बटणं असलेली प्रत्येक वस्तू म्हणजे रिमोट. दोन पोरांत एक रिमोट म्हटल्यावर जे व्हायचं ते पहिल्या तासातच झालं. ताईच्या मुठीत त्याचे केस, त्याच्या दातांत तिचं मनगट. आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "दोघांनी मिळून खेळायचं. नाहीतर कपाटावर जाईल." पाळीपाळीने खेळावं, तर तेवढा विश्वास दोघांत नव्हता. तेव्हा त्यांनी आईचा हुकूम जसाच्या तसा पाळला. ताई डावीकडे बसली, बारक्या उजवीकडे, रिमोट मध्ये. डावी बाजू तिची, उजवी त्याची. कुठे जायचं ते ती ठरवणार, उडी कधी मारायची ते तो. तिचा रिकामा हात त्याच्या पाठीमागून खांद्यावर, आणि त्याचा रिकामा हात खाऊच्या डब्यात. ही घडी एकदा बसली ती पाच वर्षं मोडली नाही. शेजारची पोरं दोन-दोन हातांनी खेळून हरत, आणि ही दोघं एकेका हाताने जिंकत. फक्त एक झालं. एकट्याने खेळायला बसवलं, तर दोघांपैकी कुणालाच तो खेळ येत नसे.

"म्हणजे तुम्ही दोघं मिळून एक माणूस होता?" लेक म्हणाली.

"पाऊण," बारक्या म्हणाला. "डोकं कुणाचंच नव्हतं."

पुढे वाट दाखवणं हाच ताईचा पेशा झाला. चोवीस वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाखाली जादाचा ब्रेक, आणि नजर शिकाऊ माणसाच्या पायांवर. घाबरट कारकून, हट्टी सासरे, लग्न ठरलेल्या मुली, सगळे तिच्या हाताखालून गेले होते. सवय इतकी मुरलेली, की टीव्हीवर कुणाची गाडी वेगात वळली तरी सोफ्यावर बसल्या बसल्या तिचा पाय जमीन दाबायचा.

लेकीने पडद्यावरची यादी खाली खाली नेली. "थांब!" दोघं एकदम ओरडली.

त्यांच्या त्या जुन्या खेळातला टपालवालाच होता तो. निळ्या टोपीचा, बुटका, खांद्यावर पिशवी, मागे तीन कुत्रे. सुरुवातीची ती टिडिंग-टिडिंग धून लागली. शाळा सुटल्यावरचा चार ते साडेपाचचा वेळ त्या धुनेत जसाच्या तसा भरून ठेवलेला होता. अर्धवट ओढलेले पडदे, जमिनीवर पसरलेली दप्तरं, टीव्हीच्या काचेजवळ नेला की हाताचे केस उभे राहायचे ते.

"सरक," ताई म्हणाली.

"मी सरकलो तर सोफा सरकेल."

तरी बसली दोघं चिकटून. तिचा हात गेलाच त्याच्या पाठीमागून. खांद्यापर्यंत पोचायला आता जरा प्रवास होता एवढंच. पहिली गल्ली सहज पार पडली. दुसऱ्या गल्लीच्या टोकाला नदी आणि तिच्यावर मोडका पूल: एक फळी, एक भगदाड, एक फळी, एक भगदाड. ताईने टपालवाल्याला पूर्वीसारखाच सुसाट नेला. फळीचं टोक आलं. आणि टपालवाला सरळ पाण्यात.

"अरे!"

"उशीर होतोय गं. दाबतोय मी, पण पोचत नाही. वायर नाही ना."

पुन्हा पाण्यात. पुन्हा. चौथ्या खेपेला कुत्रेसुद्धा काठावर थांबून बघतायत असं वाटलं.

"कधीकधी होतं तसं," लेक म्हणाली. "टीव्ही वेळ खातो." तिने टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून काहीतरी बदललं. पाण्यात. पॅड चार्ज नसेल म्हणून तो तासभर लावून ठेवला, तोवर चहा झाला. पाण्यात. "लांब बसलोय आपण," बारक्या म्हणाला, म्हणून मग दोघं गुडघ्यांची विनवणी करत टीव्हीसमोर सतरंजीवर उतरली. पाण्यात. शेवटी लेकीने चार्जिंगची केबलच जोडून दिली. "घ्या. आता वायरसुद्धा आली."

पाण्यात.

"केबल डुप्लिकेट दिसतेय," बारक्या म्हणाला.

"द्या इकडे." लेकीने केबल उपटली, मांडी घातली आणि दोन्ही हातांनी खेळायला लागली. पहिल्यांदा पडली, दुसऱ्यांदा पडली, आणि तिसऱ्यांदा टपालवाला टुणटुण करत अख्खा पूल ओलांडून गेला. "काही उशीर-बिशीर नाही, मामा. लोण्यासारखं चाललंय. बघा, जन्मात पहिल्यांदा खेळतेय मी." तेवढ्यात तिचा फोन वाजला. पॅड मामाच्या मांडीवर ठेवून ती बोलत बोलत आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं.

ताई केव्हापासून बारक्याच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होती.

उशीर म्हणजे काय हे तिला कुणी शिकवायला नको होतं. भीतीने उशीर करणारा माणूस कधी उशिरा ब्रेक मारतो, कधी नको तेव्हा आधीच मारतो. त्याचा काही नेम नसतो, आणि म्हणून तो सुधारतो. पण क्वचित एखादा असा येतो, की त्याचा पाय दर वेळी तेवढाच मागे राहतो; तो उशीर भीतीचा नसतो, अंगातला असतो. बारक्याची उडी दर वेळी 'अरे' म्हणायला लागतं तेवढीच उशिरा येत होती. सोफ्यावर तेवढीच, सतरंजीवर तेवढीच, वायर लावून आणि वायर काढूनही तेवढीच.

"गाडी चालवत आलास?"

"हो. का?"

"किल्ली दे."

"अगं, आत्ता कुठे—"

"किल्ली दे, बारक्या."

त्याने डाव्या हाताने किल्ली काढून दिली. चहाचा कपही त्याने डाव्यानेच धरला होता, हे ताईला आत्ता आठवलं.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"माझ्याशी वेड पांघरू नकोस."

बारक्या बराच वेळ पॅडच्या लाल बटणांवरून अंगठा फिरवत राहिला. "चार महिने. पाच असतील. आधी वाटलं, मेण खराब आलंय. मेण बदललं. मग म्हटलं दिवा कमी पडतोय. दिवा बदलला, चष्मा बदलला, खुर्ची बदलली. गेल्या महिन्यात दोन कवळ्या परत आल्या. वरचे दात खालच्यांना भेटतच नाहीत म्हणे. एका आजींनी तर निरोप धाडला, मी हसले की नातवंडं रडतात." तो स्वतःच हसायला लागला आणि मध्येच थांबला.

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं ना. मेण खराब आलंय म्हणून."

"आणि हे खोकं? भाचीसाठी?"

"कसलं भाचीसाठी." त्याने मान खाली घातली. "म्हटलं, कामात मनाचे खेळ असतील. परत आलेली कवळी डोक्यात बसते, मग हात बिथरतो. पण ही उडी मी कधी शिकलो नव्हतो गं. ती हातातच होती. म्हटलं, ती जागेवर असेल तर बाकी सगळं झूट. आणि एकट्याला कळणार कसं? डावीकडे तू लागतेस."

ताईच्या तोंडाशी दहा सूचना एकदम आल्या. चोवीस वर्षांची मास्तरकी होती ती, गप्प बसणारी नव्हती. पण त्यांच्या मागून जे आलं ते निव्वळ भय होतं, आणि त्याने दहाच्या दहा सूचना गिळून टाकल्या.

"डॉक्टरकडे चल म्हणू नकोस," तोच म्हणाला. "गेलं की त्याला नाव देतात. आत्ता नुसता उशीर आहे."

"माझ्याकडची पोरंही असंच म्हणतात. परीक्षाच दिली नाही म्हणजे नापास झालो नाही."

"बरोबरच आहे त्यांचं."

"त्यांना मी रस्त्यावर सोडत नाही." ती थोडी सरकून नीट बसली. "धर ती बाजू."

"पुरे गं आता."

"धर म्हणते ना. आणि मी पळतेय म्हणून घाई करायची नाही. तुला दाबावंसं वाटेल तेव्हाच दाब. पुढचं मी बघते."

टपालवाला निघाला. पूल आल्यावर ताईने त्याला पहिल्या फळीच्या टोकावर थांबवला. असं थांबायचं त्यांना कधी माहीतच नव्हतं; लहानपणी तिने धाव घ्यायची आणि तिच्या धावेवर त्याने उडी मारायची, बस. ती पडद्याकडे बघत होती, पण लक्ष तिच्या उजव्या हाताकडे होतं, जो त्याच्या खांद्यावर होता. उडी अंगठ्यात पोचायच्या आधी त्या खांद्यातून जात होती. किंचित ताठायचा खांदा, मग 'अरे'इतकी वाट, आणि मग बटण.

पहिल्यांदा तिने घाई केली. पाण्यात. दुसऱ्यांदा वाट बघता बघता कुत्र्यांनी गाठलं. तिसऱ्यांदा खांदा ताठला, ती मनात 'अरे' म्हणाली आणि अधिकाची उजवी बाजू दाबली. टपालवाला भगदाडावरून गेला.

बोलण्याइतकी उसंत नव्हती. फळी, खांदा, अरे, उडी. मागचा कुत्रा पिशवीला लोंबकळला, निम्मी पत्रं नदीत पडली, शेवटच्या फळीवर टपालवाला अर्धा लटकला आणि कसाबसा वर आला. पैलतीरावर धून वाजली. बारक्याच्या कपाळावर घाम आला होता. ताईच्या मानेला रग लागली होती.

"ही लबाडी झाली," तो म्हणाला. "तू थांबत होतीस."

"थांबत होते. थांबू नये असं कुठे लिहिलंय?"

"पूर्वी नव्हतीस थांबत."

"पूर्वी मला घाई फार होती."

तो आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिला. हात उताणा, सतरंजीवर ठेवलेला, जणू कुणीतरी त्याच्याकडे सांभाळायला दिला असावा. आतून लेकीचं हसणं ऐकू येत होतं. पडद्यावर टपालवाला पुढच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहून पाय आपटत होता.

"कुठल्या डॉक्टरांकडे?" बारक्याने विचारलं.

ताईने सांगितलं. तिच्याकडे गाडी शिकलेल्या एक बाई होत्या, मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर. "समोरचं वाहन जाऊ द्यायच्या नेहमी. घाईच्या नाहीत."

"लांब आहे ते हॉस्पिटल."

"आहे."

"मग सकाळीच निघायला हवं. तुझे शिकाऊ?"

"घरी बसतील एक दिवस. रस्त्यांनाही जरा बरं."

त्याने खिशातला मोबाईल काढून तिच्याकडे सरकवला. "त्या दातांच्या डॉक्टरांना दोन ओळी लिही. मला टाइप करताना चुका होतात हल्ली. लिही, या आठवड्यात मापं पाठवू नका, हात दाखवायला जातोय." ताईने लिहायला घेतलं. तो तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. "आणि त्या दोन कवळ्या मेणामुळे नाही बिघडल्या, हेही लिही."

ताईने एकेक अक्षर सावकाश लिहिलं, आणि त्याचं वाचून होईपर्यंत मोबाईल तसाच धरून बसली.