भुसकटाचं फूल

यास्मीननं उजनी धरणाच्या काठी चादर अंथरली होती. म्हणजे सोलापुरी चादरीवरचं ते कोनाकोनाचं फूल, पण शाळेचं मैदान झाकेल एवढं. पाणी मागे सरून उघडा पडलेला गाळ उन्हानं पांढुरका झाला होता, त्यावर तिनं आठवडाभर खपून तुरीचं भुसकट ओळीनं पसरलं होतं. पावसाळ्यात सगळं पाण्याखाली जाणार, हे तिला ठाऊक होतं. भुसकटावर मेंढरं जीव टाकतात, हे मात्र या शहरातल्या पोरीच्या गावीही नव्हतं.

आज अब्बा येणार होते. अब्बांचं, म्हणजे चांदसाबांचं, सोलापुरात चादरींचं दुकान. "जे टिकत नाही, ते कसलं काम?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. आज तिची ही कला त्यांना पटली नाही, तर बकरी ईदनंतर तिनं गुमान दुकानात बसायचं, असं ठरलं होतं.

ती जेवून परतली, तर मेंढरं फुलावर तुटून पडलेली! अर्धं फूल फस्त. तिला रडूच कोसळलं.

मेंढपाळ धुळा ओशाळून म्हणाला, "चुकलं की ताई. मला वाटलं, कुनी पुण्यवान मानसानं मेंढरांसाठीच टाकलंय."

ती खेकसणार होती, पण उरलेल्या पाकळीकडे बघतच राहिली. भुसकटाच्या ओळीवर काळी मेंढरं खांद्याला खांदा लावून उभी होती. पाकळी आधी इतकी ठसठशीत कधी दिसलीच नव्हती.

"दादा, हाकला सगळी बाजूला! पोती उरलीत अजून. अब्बा वरच्या टेकाडावर आले की सोडा."

"समदं खातील की!"

"खाऊ दे."

दोघांनी घाईघाईनं ओळी पुन्हा भरल्या. अब्बा आले, डोक्याला रुमाल, कपाळावर आठ्या. टेकाडावर त्यांच्या शेजारी उभं राहून यास्मीननं धुळाला ओढणी हलवून खूण केली. मेंढरं धुरळा उडवत सुटली.

"मेंढरं दाखवायला बोलावलंस?" अब्बा करवादले.

मग धुरळा बसला. खाली काळंभोर फूल होतं, जिवंत, हलणारं. भुसकट संपलं, पाकळ्या सुटल्या आणि फूल रमतगमत पाण्याकडे निघालं.

"गेलं," अब्बा पुटपुटले. मग तरातरा खाली उतरून धुळाला म्हणाले, "उद्या परत जमेल? भुसकट मी आणतो. हिच्या अम्मीला दाखवायचंय."

"अब्बा, उद्या दुकान?"

"दुकान परवा पण असतंय की."