खुर्ची क्रमांक बारा

शेवटी घड्याळजी एकटे पडले आणि त्यांच्या आवाजाला मात्र दहा मित्र मिळाले. छे, असं एकदम काही झालं नाही. पहिल्यापासून सांगतो.

बायको गेल्यापासून घड्याळजी आपल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात दिवसभरात दोनच शब्द बोलत. गिऱ्हाईक आलं की "ठेवा", निघालं की "शनिवारी". परगावच्या लेकीने फोनवर या दोन शब्दांवर किती दिवस काढायचे? तिने वाचनालयाच्या माडीवरच्या समूहगायनात बापाचं नाव परस्पर घालून टाकलं. चार माणसांत गायलं की जीव हलका होतो, म्हणाली.

झालाही. शिकवायला गाणंबाई, शेजारी नर्सबाई, मागे बसड्रायव्हर. मंडळी अकरा, खुर्च्या बारा. तिसऱ्या गुरुवारी घड्याळजी चक्क हसले. ड्रायव्हरने ते सगळ्यांना बोट करून दाखवलं.

सहाव्या गुरुवारी घसा धरला.

"घड्याळजी, तुमचा आवाज बसला," गाणंबाई म्हणाली.

"कुठे?" ड्रायव्हरने विचारलं.

"इथे," खिडकीजवळच्या रिकाम्या बाराव्या खुर्चीतून घड्याळजींचाच आवाज आला. "पर्स उचलता का जरा?"

कुणी दचकलं नाही, दचकण्यासारखं होतं ते एवढंच. नर्सबाईने मुकाट्याने पर्स उचलली. आवाज छान गायला. मध्येच एक विनोदही केला, जो घड्याळजी गेली तीन वर्षं मनात धरून होते. त्यांनी तोंड उघडलं, तर घशातून नुसती टिकटिक.

पुढच्या गुरुवारपासून मंडळी बाराव्या खुर्चीच्या गाण्याची वाट बघू लागली. घड्याळजींच्या मांडीवर कुणीतरी वह्या ठेवल्या, टेबलावर ठेवाव्यात तशा.

मग दुकानात लेकीचा फोन आला. "बाबा, काल फोनवर किती भरभरून बोललात! आईच्या आठवणीसुद्धा काढल्यात. बोला ना आणखी."

टिकटिक.

"कुणीतरी फोनला घड्याळ लावून बसलंय," म्हणत तिने फोन ठेवला.

घड्याळजींनी दुरुस्तीच्या चिठ्ठीमागे अर्ज लिहिला. वाचनालयाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, आवाजाबद्दलच्या तक्रारी फक्त तोंडी घेतो. तरी त्यांनी तो काचेखालून आत सरकवलाच:

"मा. ग्रंथपाल यांस, खुर्ची क्रमांक बारावर माझा आवाज विनापरवाना बसला आहे. तरी तो तत्काळ उठवण्यात यावा आणि लेकीचा पुढचा फोन येण्यापूर्वी, तिसऱ्या गुरुवारच्या हसण्यासह, मूळ मालकाच्या घशात पूर्ववत बसवून मिळावा, ही नम्र विनंती."