आजीचा राखाडी स्वेटर

आजी गेली तेव्हापासून भोपळ्या कशालाच तोंड लावेना. भोपळ्या म्हणजे आजीचा आंधळा, म्हातारा, सुटल्या पोटाचा कुत्रा. आता ते पोट खपाटीला गेलं होतं आणि तो उंबऱ्याला नाक लावून पडून होता.

आजीला जनावरांचा भारी लळा. काणी मांजर, पंख मोडलेला कावळा, जगाने हाकललेलं जे काही दारात येई ते घरचं होई. त्यांच्यापायी ती सख्ख्या भावाच्या लग्नालाही गेली नाही. "माणसं समजून घेतात गं चिमे," ती नातीला म्हणायची, "मुक्यांना कसं समजावायचं?" उभा जन्म तिने त्या घराबाहेर एक रात्र काढली नाही. लोक कौतुक करायचे. कौतुक करायला कुणाचं काय जातं?

चिमी सोमवारी निघणार होती. दूरच्या शहरात कवळ्या बनवायच्या कामावर तिला नोकरी लागली होती. "पहिली कवळी माझी कर, बोळक्या तोंडाने मरायची नाही मी," असं आजीने बजावलं होतं, आणि बोळक्या तोंडानेच ती गेली. मागे राहणार होते बाबा. आजी, म्हणजे त्यांची आई, गेल्यापासून त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. पाण्यापुरते खोलीतून बाहेर येत, ताट मात्र तसंच परत जाई.

"भोपळ्या वासावर जगतो," शेजारचे शिंपीकाका म्हणाले. "आजीचा स्वेटर घालून बघ की."

मुक्या जिवाला एकदा फसवलं की फसवतच राहावं लागतं, हे आजीचं बोलणं चिमीला आठवलं. पण कुत्रा डोळ्यांदेखत मरत होता. तिने खुंटीवरचा राखाडी स्वेटर अंगात घातला, आजीच्या पाटावर बसली, वाडग्यावर दोनदा चमचा वाजवला. भोपळ्या धडपडत उठला आणि त्याने वाडगा चाटूनपुसून साफ केला. चिमीला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी काणी मांजर आपणहून मांडीत आली. कावळा खिडकीत येऊन बसला. स्वेटर काढला की भोपळ्या असा विव्हळायचा की शेजारी दारं लावून घ्यायचे. म्हणून तिने तो उकाड्यातही अंगावर ठेवला. लांब वाटणाऱ्या बाह्या आता मनगटाशी नेमक्या बसत होत्या, आणि ते तिला मुळीच आवडलं नाही.

तिने बॅग भरायला काढली तेव्हा भोपळ्या गुरगुरला. आजवर तो कुणावर गुरगुरला नव्हता.

रविवारी तिने शिंपीकाकांना गळ घातली. त्यांनी हसत हसत स्वेटर चढवला आणि ते पाटावर बसले. भोपळ्याने एकदाच हुंगलं आणि उरलेसुरले दात विचकले. काकांनी घाईघाईने स्वेटर उतरवला. "हे तुझ्याच गळ्यात पडलंय पोरी," ते म्हणाले आणि मागे न बघता गेले.

संध्याकाळी तिने पुन्हा स्वेटर घातला. वाडग्यावर दोनदा चमचा वाजवला. भोपळ्या आला, आणि मागे बाबांच्या खोलीचं दार वाजलं.

बाबा केस ओले करून, नीट भांग पाडून आले होते. रिकामं ताट घेऊन ते कुत्र्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. नजर चिमीच्या चेहऱ्यावर नव्हती, स्वेटरच्या बटणांवर होती.

"आई, मला पण," ते म्हणाले.

"बाबा, मी चिमी," एवढंच चिमीला म्हणायचं होतं. पण बाबांच्या गालांची हाडं वर आली होती. माणसं समजून घेतात म्हणे. आजीने स्वतःच्या मुलाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तिने ताटात वाढलं. बाबा हात लावेनात, वाट बघत राहिले. कशाची, ते तिला कळलं.

तिने ताटाच्या काठावर दोनदा चमचा वाजवला.

बाबा जेवू लागले. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "तू कुठं जाणार नाहीस ना?"

भोपळ्या उठून दाराशी गेला आणि तिच्या बॅगेवर आडवा झाला.

"सावकाश जेव रे," चिमी म्हणाली.