पुण्यवानाचं मरण

आमच्या घरात आजारानं कुणी मरत नाही. सासरे पूजा आटोपून पाटावरून उठले आणि तिथंच गेले. त्यांचा धाकटा भाऊ बोलता बोलता गेला. तंजावरकडच्या या मराठी घराण्यात त्याला पुण्यवानाचं मरण म्हणतात आणि आल्यागेल्याला अभिमानानं सांगतात. मी लग्न होऊन साताऱ्याहून चेन्नईजवळच्या आवडी गावी आले, तेव्हा सासूबाईंनी घर दाखवायच्या आधी मला हीच गोष्ट ऐकवली होती.

माझ्या नवऱ्याला, शेषाद्रींना, मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. छातीत दुखत नाही, धाप लागत नाही, मग डॉक्टर कशाला, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मीच ओढत त्यांना चेन्नईत अड्यारला डॉक्टर हरिप्रियांकडे नेलं. सासूबाईही हट्टानं बरोबर आल्या.

डॉक्टरांनी समजावलं की मधुमेहात हृदयाचं दुखणं मुकाट वाढू शकतं, म्हणून धोका किती ते आधीच पाहायचं. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सगळं त्या कॉम्प्युटरवर भरत होत्या. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार होता का?

सासूबाईंनी तमिळमध्ये ठणकावून सांगितलं, कुणालाही नाही. शेषाद्रींनी मान डोलावली. ते खोटं बोलत नव्हते. लहानपणापासून त्यांनी हेच ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाल्या, मग गोळ्या चालू ठेवा, सहा महिन्यांनी या.

माझं डोकं तापलं. मेलेल्याचं पुण्य जपायचं आणि जिवंत माणूस हातचा घालवायचा? पण सासूबाईंकडे पाहिलं आणि जीभ अडली. ऐन तरुणपणी विधवा झालेल्या या बाईनं त्या एका गोष्टीच्या आधारावर सगळे दिवस काढले होते.

"डॉक्टर," मी म्हणाले, "माझे सासरे अचानक गेले, तेव्हा त्यांची पन्नाशीही झाली नव्हती. चुलतसासरेही तसेच गेले."

सासूबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. डॉक्टरांनी त्याच दिवशी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन करायला लावला. कॅल्शियम साचलं होतं, पुष्कळ. पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी ठरली. मला तर काहीच होत नाही, एवढंच शेषाद्री पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

घरी आल्यावर सासूबाई रोजच्यासारख्या सासऱ्यांच्या फोटोपुढे दिवा लावायला गेल्या, पण काडी ओढेनात. आता मला बोलणी बसणार असं वाटलं. मी तयारच होते.

"नंदिता," त्या आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या, "गेले त्या दिवशी हात दुखतो म्हणून सांगट्ले. घामही बहुत आला. वायू असेल म्हणून मीच सुक्कू काप्पी करून दिली. पूजेला बसा म्हटलं."

सुंठीची कॉफी. आमच्याकडे पोटातल्या वायूवर अजून तीच देतात.

"डॉक्टरकडे नेलं असतं तर राहिले असते काय?"

"नाही, अम्मा," मी म्हणाले. "ते त्यांचं पुण्यच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काडेपेटी माझ्या हातात दिली आणि दिवा न लावताच आत गेल्या.